फलकामागचं सिम कार्ड

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. पेट पास झाली आहे, प्रपोजल लिहायला घेतलंय, विषय सार्वजनिक डिजिटल फलकांचा इतिहास. “ताई, एलईडीच्या शोधापासून सुरुवात करू ना?” मी उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, ब्लॉगवरच टाकावं. कारण हीच चूक मी करून बसले आहे आणि त्यात माझे सहा महिने गेलेत. तुमचे जाऊ नयेत.

आधी माझी फजिती ऐका. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण माहिती फलकांवर आहे. बसथांब्यावर ‘पुढची बस ४ मिनिटांत’ असं सांगणारे, चौकात हवेची गुणवत्ता दाखवणारे, असे फलक. (पुण्यातल्या मंडळींनी आयआयटीएमच्या ‘सफर’ प्रकल्पाचे फलक पाहिले असतीलच.) पहिल्या खर्ड्यात मी चाळीस पानं भरली. आधी उलटणाऱ्या चकत्यांचे फलक, मग एलईडी, मग एलसीडी. पिक्सेल किती, उजेड किती, भर उन्हात वाचता येतं की नाही. आरएसीच्या बैठकीत एका सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “या पाटीला कळतं कसं?”

“काय कळतं, सर?”

“बस येतेय, हे.”

मी ‘सर्व्हरवरून’ असं काहीतरी पुटपुटले. मग पुढचा प्रश्न आला. सर्व्हर आणि पाटी यांच्या मधे काय आहे? वायर आहे की हवा? आणि त्याचं महिन्याचं बिल कोण भरतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस्सी केलेल्या माणसाकडे उत्तर नव्हतं, हे जास्त लागलं.

जास्त लागण्याचं अजून एक कारण होतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी स्वतःच असा एक फलक बनवला होता. काही किलोमीटरवरच्या एका शेतात तापमान आणि पाऊस मोजणारं छोटं यंत्र, आणि विभागाच्या फाटकावर लाल अक्षरांची पाटी. दोन्हीकडे सिम-९०० नावाचं जीएसएम मॉड्यूल, प्रत्येकात एक सिम. ज्यांनी हे मॉड्यूल हाताळलंय त्यांना त्याचा स्वभाव माहीत असेल. एरवी गरीब असतं, पण टॉवरशी बोलताना क्षणभरासाठी जवळपास २ अँपिअर ओढतं. आमचा पॉवर सप्लाय तेवढा सक्षम नव्हता, त्यामुळे पाटी बोलायला तोंड उघडायची आणि स्वतःच रिसेट व्हायची. मोठा कपॅसिटर लावला आणि ते मिटलं. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले.

खरी गडबड नंतर झाली. शेतातलं सिम एका मित्राच्या नावावर होतं. त्याला बंगळूरला नोकरी लागली, तो गेला, रिचार्ज राहिलं. आमची पाटी मात्र बंद पडली नाही. तिच्याकडे आलेला शेवटचा आकडा ती इमाने इतबारे दाखवत राहिली: ३४ अंश, पाऊस ० मिमी. बाहेर जूनचा पाऊस धो धो कोसळत होता. शेवटी फाटकावरचे काका म्हणाले, “मॅडम, तुमच्या पाटीला अजून पाऊस लागल्याचं कळलेलं दिसत नाही.”

एवढं स्वतः भोगूनही इतिहास लिहायला बसल्यावर मी पिक्सेल मोजत बसले. डोळ्यांना दिसतं त्याचाच इतिहास आपण लिहितो. सुझन ली स्टार यांनी १९९९ मधल्या ‘द एथ्नोग्राफी ऑफ इन्फ्रास्ट्रक्चर’ या लेखात पायाभूत सुविधांचं एक लक्षण सांगितलं आहे: त्या बिघडल्या की मगच दिसायला लागतात. लेख जरूर वाचा, मोठा नाही. आरएसीनंतर मी तो पुन्हा वाचला आणि फलक कधी लागले हे शोधण्याऐवजी ते कधी गप्प झाले हे शोधायला लागले. त्यासाठी भारताबाहेर जावं लागलं, कारण छापील नोंदी तिकडच्या भरपूर सापडतात.

सुरुवात लंडनपासून करू. १९९२ मध्ये तिथे १८ नंबरच्या बसमार्गावर ‘काउंटडाउन’ नावाचा प्रयोग झाला. थांब्यावर पाटी, पाटीवर पुढची बस किती मिनिटांत येईल ते. तेव्हा बसला आपण कुठे आहोत हे सांगायला जीपीएस नव्हतं. रस्त्याकडेच्या खांबांवर बसवलेले बीकन ओलांडताना बसची जागा कळायची आणि ती रेडिओवरून मध्यवर्ती संगणकाकडे जायची. म्हणजे ही सगळी यंत्रणा खास बससाठी उभारलेली होती. महाग, पण आपली. पुढे आलेल्या ‘आयबस’ या व्यवस्थेत जीपीएस आलं आणि बसची जागा दर अर्ध्या मिनिटाला जीपीआरएसवरून, म्हणजे तुमच्याआमच्या मोबाइलच्याच नेटवर्कवरून जाऊ लागली. २००९ पर्यंत लंडनच्या सुमारे आठ हजार बसमध्ये हे बसवून झालं होतं.

हा बदल छोटा वाटतो, पण माझ्या मते या इतिहासातला मुख्य सांधा इथेच आहे. फलकाला बातमी पोचवणारी तार त्या दिवसापासून भाड्याची झाली.

भाड्याची तार लोकांनी का स्वीकारली, हे समजायला जरा तंत्राकडे वळू. १९९०च्या दशकात जीएसएमवरून डेटा पाठवायचा तर फोनच लावावा लागे. लाइन लागेपर्यंत थांबा, मग सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने पाठवा, आणि बिल मात्र मिनिटांचं. दर अर्ध्या मिनिटाला फोन लावणारी बस कुठल्याही परिवहन खात्याला परवडली नसती. दुसरा रस्ता एसएमएसचा. एका मेसेजमध्ये इंग्रजी १६० अक्षरं. मराठी असेल तर ७० चिन्हं, आणि तीही आपल्या डोळ्यांना दिसतात तशी मोजत नाहीत: ‘क्षमस्व’ या शब्दात पाय मोडल्याची चिन्हं धरून ७ जागा जातात. आपल्याकडच्या कित्येक फलकांवरचा मजकूर आखडता आणि रोमन लिपीत का असायचा, याचं एक कारण इथेही शोधण्यासारखं आहे. (कुणाला एमएच्या लघुप्रबंधाला विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.)

२००० च्या सुमारास जीपीआरएस आलं आणि हे गणित बदललं. लाइन लावायची गरज नाही, जोडणी कायम उघडी, आणि पैसे वेळेचे न लागता पाठवलेल्या बाइटचे. ‘पुढची बस ४ मिनिटांत’ हे सांगायला बाइट लागतातच किती! रस्ता न खोदता, टेलिफोन खात्याकडे अर्ज न करता, खांबावर पेटी बसवली, सिम घातलं की झालं. निविदा काढणाऱ्याला यात काहीच खटकलं नसणार. मलाही खटकलं नसतं.

खटकायला हवं होतं असं मात्र अमेरिकेचा इतिहास सांगतो. तिथे जीपीआरएसच्या आधी सीडीपीडी नावाचा प्रकार होता, १९९०च्या दशकातला. जुन्या ॲनालॉग मोबाइल नेटवर्कवर दोन संभाषणांच्या मधे जे चॅनेल रिकामे राहतात, त्यांतून डेटा सरकवायचा. रिझर्व्हेशन नसलेला प्रवासी रिकाम्या बर्थवर बसतो आणि बर्थचा मालक आला की उठून दुसरीकडे जातो, तसंच. कुणाचा आवाजी कॉल आला की डेटा दुसऱ्या चॅनेलवर उडी मारायचा. वेग १९.२ किलोबिट. पोलिसांच्या गाडीतले संगणक यावर चालत. बसची वेळ सांगणाऱ्या ‘नेक्स्टबस’ कंपनीच्या सुरुवातीच्या यंत्रणेतही हेच मोडेम होते.

पण रेल्वेच बंद झाली तर रिकामा बर्थ कुठला? अमेरिकी नियामकाने ॲनालॉग सेवा चालू ठेवण्याची सक्ती १८ फेब्रुवारी २००८ पासून उठवली. सीडीपीडी त्याच्या आधीच, त्या दशकाच्या मध्यावर कंपन्यांनी गुंडाळलं होतं. त्यावर चाललेल्या सगळ्यांना नवे मोडेम घ्यावे लागले. बहुतेकांनी अर्थातच तेव्हा नवं असलेलं टू-जी घेतलं.

आता सॅन फ्रान्सिस्को, जानेवारी २०१७. या शहराच्या ‘म्युनी’ या परिवहन सेवेच्या थांब्यांवर नेक्स्टबसचे फलक होते. नवीन वर्ष उजाडलं आणि फलकांवरून गाड्या गायब व्हायला लागल्या. वीज होती, पाटी पेटलेली होती, सर्व्हर चालू होता. गाड्याही रस्त्यावर धावत होत्या. पण बऱ्याच गाड्यांमधले मोडेम टू-जीचे होते, आणि एटी अँड टी कंपनीने वर्ष संपताच टू-जी नेटवर्क बंद केलं होतं. गाडी ‘मी इथे आहे’ असं ओरडत होती, ऐकणारा टॉवर उरला नव्हता. पाटीच्या दृष्टीने ती गाडी अस्तित्वातच नव्हती. थांब्यावर उभ्या माणसाला दिसत होतं ते एवढंच की पुढची बस वीस मिनिटांनी आहे. मधे एक येऊन जायची, आणि ती पाटीला माहीतच नसायची.

यात कुणी गुपचूप काही केलं नव्हतं. एटी अँड टीने ही तारीख ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर केली होती. चार वर्षांहून जास्त मुदत. म्युनीचं नवी यंत्रणा बसवण्याचं काम चालूही होतं, पण सगळ्या गाड्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. इथे सरकारी ढिलाई म्हणून विषय संपवायचा मोह होतो. मलाही झाला. पण जरा थांबा आणि दोन आयुष्यं शेजारी ठेवून बघा. बस दहा-बारा वर्षं चालते, थांब्यावरची पाटीही तशीच. त्यांचे पैसे भांडवली खर्चातून एकदा येतात आणि त्यानंतर वर्षानुवर्षं येत नाहीत. मोबाइल नेटवर्कच्या पिढीचं आयुष्य मात्र फोन विकत घेणारे ठरवतात. लोक नव्या फोनवर गेले की जुन्या पिढीने अडवलेल्या लहरी कंपनीला नव्या पिढीसाठी हव्या असतात. त्या हिशोबात थांब्यावरच्या पाटीला मत नाही. ती ग्राहक आहे, पण महिन्याला चार आण्यांची.

आपल्याकडे काय झालं, ते अजून गमतीचं आहे. थ्री-जीचे लिलाव २०१० मध्ये झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते थेट फोर-जी घेऊन. त्यांचं टू-जी नाहीच, त्यामुळे जुन्या मोडेममध्ये जिओचं सिम घातलं तर ते मुकंच राहतं. मग एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्री-जी बंद करायला सुरुवात केली आणि वर्षभरात देशभरातलं आवरतं घेतलं. टू-जी मात्र ठेवलं. म्हणजे अमेरिकेत आधी टू-जी गेलं आणि नंतर थ्री-जी. इथे थ्री-जी गेलं आणि टू-जी उरलं. ज्याने ‘जरा पुढचा विचार करू’ म्हणून फलकात महागडं थ्री-जी मोडेम घातलं, त्याचं मोडेम आता मुकाट्याने टू-जीवर उतरून चालतं. अक्षरं आणि आकडे येतात, चित्रं आणि व्हिडिओ अडकतात. आणि ज्याने कंजूषपणा करून साधं टू-जी घातलं, त्याचं काहीच बिघडलं नाही.

टू-जी का उरलं? बटणांचे फोन वापरणारे कोट्यवधी लोक अजून आहेत म्हणून. माझ्या आजीकडे तसाच एक आहे, आठवड्यातून एकदा चार्ज करते. तिला हे सांगितलं की चौकातल्या पाट्या तुझ्यासारख्यांच्या जिवावर चालल्यात, तर तिचा विश्वास बसला नाही.

आता रोजच्या चालण्याबद्दल थोडं, कारण नेटवर्क जिवंत असूनही फलक मरतात आणि ते कसे जगवले गेले हाही इतिहासच आहे. सिम घातलेल्या फलकाला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. मोबाइल कंपनी एकाच पत्त्यामागे हजारो यंत्रं बसवते. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो, तसं समजा: आतला माणूस बाहेर जाताना वॉचमन नोंद करतो, आणि त्याच नोंदीवरून उत्तर आत सोडतो. बाहेरून कुणी थेट फलकाकडे जाऊ शकत नाही. फलकानेच आधी बोललं पाहिजे. आणि काही मिनिटं कुणीच बोललं नाही तर वॉचमन ती नोंद खोडून टाकतो. गंमत अशी की फलकाला हे कुणी सांगत नाही. त्याच्या लेखी जोडणी चालू असते. तो वाट बघत बसतो आणि शेवटचा आकडा दाखवत राहतो. आमच्या पाटीचं दुखणं वेगळं होतं, पण लक्षण हेच.

यावर उपाय असा निघाला की उगाचच, ठरावीक वेळाने, ‘मी आहे’ एवढं बोलत राहायचं. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी नावाचा प्रोटोकॉल तयार केला. तो होता तेलाच्या पाइपलाइनसाठी, उपग्रहाच्या महागड्या लिंकवरून कमीत कमी बाइटमध्ये माहिती पाठवायला. त्यात एक सोय आहे, तिचं नावच ‘लास्ट विल’, म्हणजे मृत्युपत्र. यंत्र जोडणी करतानाच लिहून ठेवतं: मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना अमुक निरोप द्या. ठरल्या वेळेत ‘मी आहे’ आलं नाही की सर्व्हर ते मृत्युपत्र वाचून दाखवतो. मोबाइलवर चालणाऱ्या फलकांना हे फार सोयीचं पडलं. आमच्या शेतातल्या यंत्राने असं मृत्युपत्र केलं असतं, तर काकांना बोलावं लागलं नसतं.

याहून रांगडा उपायही आहे आणि मला तो जास्त आवडतो. एक वेगळं टायमर सर्किट ठेवायचं. मोडेमकडून बराच वेळ उत्तर आलं नाही तर सरळ त्याची वीज तोडायची आणि पुन्हा द्यायची. जगभर कितीतरी पाट्या याच्यावर तगून आहेत. आणि मोडेमला ज्या भाषेत हुकूम द्यायचे, ती ‘एटी’ने सुरू होणारी आज्ञावली १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमची आहे, टेलिफोनच्या तारेच्या जमान्यातली. ॲनालॉग गेलं, सीडीपीडी गेलं, टू-जी अर्ध्या जगातून गेलं. आजच्या फोर-जी मॉड्यूललाही आपण ‘एटी’ म्हणूनच हाक मारतो. कुठली गोष्ट टिकते आणि कुठली नाही, याचा आधीच अंदाज बांधायला जाऊ नका, एवढं मी यातून शिकले.

मग कागदपत्रं शोधायची कुठे? फलकाच्या उद्घाटनाची बातमी लगेच सापडते, फोटोसकट. बंद पडल्याची सापडते वाचकांच्या पत्रव्यवहारात, दोन ओळींची, तारीख नीट नसलेली. तेच स्तंभ चाळा. निविदा मिळाली तर फलकाच्या आकारमानाचं पान सोडून ‘संपर्क व्यवस्था’ किंवा देखभालीच्या कराराचं पान काढा. सिम कुणाच्या नावावर घ्यायचं, डेटाचा खर्च कुणाकडे, कराराची मुदत संपल्यावर सिमचं काय, हे तिथे लिहिलेलं असतं. किंवा नसतं, आणि नसणं हीही नोंद आहे. २०१८ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने यंत्रांच्या सिमसाठी १३ अंकी वेगळे क्रमांक ठरवले. त्याआधी फलकातलं सिम आणि माणसाच्या खिशातलं सिम क्रमांकावरून वेगळं ओळखू येत नसे, त्यामुळे जुन्या बिलांमध्ये ते शोधणं जिकिरीचं आहे. तरी शोधा.

माहिती अधिकार हा मार्ग आहेच, अर्जाला १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. फक्त प्रश्न नीट विचारा. मी पहिला अर्ज एका शहराच्या कार्यालयात केला, ‘फलकांची माहिती मिळावी’ असा. उत्तरात फलकांची संख्या, आकार आणि खर्च आला. जोडणीबद्दल ‘माहिती उपलब्ध नाही’. दुसऱ्या अर्जात मी फलक हा शब्दच टाळला आणि विचारलं, आपल्या कार्यालयाने मोबाइल डेटा सेवेपोटी दरमहा अदा केलेल्या देयकांच्या प्रती मिळाव्यात. त्याचं उत्तर आलं, चौऱ्याऐंशी पानं. त्यात एकेक क्रमांक एकेका चौकाचा. अमुक महिन्यापासून शून्य रुपये दिसले की तो चौक तेव्हापासून गप्प. माझं दुसरं प्रकरण आता त्या चौऱ्याऐंशी पानांवर उभं राहतंय. पिक्सेलची चाळीस पानं परिशिष्टात गेली, तीही सरांनी दया म्हणून ठेवू दिली.

परवा कामासाठी जुन्या विभागात गेले होते. आमची पाटी फाटकावर अजून आहे. सध्याच्या मुलांनी मॉड्यूल बदलून फोर-जीचं घातलंय, सिम विभागाच्या नावावर आहे. तापमानाच्या खाली त्यांनी बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली आहे: शेवटची नोंद, आणि पुढे वेळ. मी बघितलं तेव्हा ती सात मिनिटांपूर्वीची होती.